सायकल बदलायची की फ्रीव्हील?

नाशिकमध्ये सायकल बदलण्याचा विचार बहुतेकांच्या मनात दोन वेळा येतो. एकदा आषाढीच्या आधी, पंढरपूरच्या सायकलवारीला यंदा नाव द्यायचंच असं ठरलं की. आणि दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर, सातपूरच्या किंवा प्रेसच्या गेटपर्यंतचा रोजचा रस्ता संपतो आणि सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येण्याइतका वेळ हाताशी लागतो तेव्हा. दोन्ही वेळा घरात एक लोखंडी सायकल उभी असते. कुणाकडे हर्क्युलस किंवा ॲटलसची काळी, दांडीची. कुणाकडे बीएसए एसएलआर. कुणाकडे मुलाने कॉलेजात असताना घेतलेली आणि मुलगा पुण्याला गेल्यावर वडिलांकडे आलेली हीरो रेंजर. तिच्यावर जीव असतो, आणि शेजारच्या पार्किंगमध्ये गियरवाली चकचकीत सायकल आलेली असते. मग प्रश्न येतो: ठेवू की बदलू?

त्यावर माझा उलट प्रश्न असतो: जायचं कुठे आहे?

सायकल जुनी झाली, हे ती बदलण्याचं कारण होत नाही. नीट सांभाळलेल्या पोलादी फ्रेमला वय फारसं लागत नाही. वय लागतं ते चेन, छर्रे, टायर, ब्रेकची रबरं यांना, आणि ते भाग बदलण्यासाठीच असतात. तुमचा रस्ता बदलला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पंचवटीतून रविवार कारंजाला भाजी आणायला जाणाऱ्याला, किंवा सिडकोतून अंबड एमआयडीसीत पहिल्या पाळीला पोहोचणाऱ्याला चांगली काळी सायकल आजही पुरून उरते. तोच माणूस नांदुरीहून सप्तशृंग गडाचा दहाएक किलोमीटरचा घाट चढायचा म्हणाला, तर त्याच्या हातातली सायकल त्या कामासाठी बनलेलीच नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे नाशिकची हवा गेल्या काही वर्षांत बदलली आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या बंधूंनी 2015 साली दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे 4800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. 2017 साली तीच शर्यत एकट्याने पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयांत श्रीनिवास गोकुळनाथ होते, त्या वेळी नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर. गावाला याचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण त्यांच्या पराक्रमाबरोबर त्यांच्या सायकलींची जातही आपल्याला हवीशी वाटू लागली, आणि त्र्यंबक रोडवर रविवारी सकाळी कार्बनच्या सायकलवर अंजनेरीपर्यंत जाऊन मिसळ खाऊन परतणारी मंडळी वाढली. मिसळीला माझा विरोध नाही. पण नाशिकहून त्र्यंबकपर्यंतच्या अठ्ठावीस-तीस किलोमीटरमध्ये चढ एकूण शे-सव्वाशे मीटरचा. तेवढ्यासाठी शर्यतीची सायकल लागत नाही.

आधी तक्रारी नीट ऐकू. ‘हल्ली सायकल जड चालते’ ही पहिली. लोक हे सायकलीच्या वयावर ढकलतात, पण बहुतेक वेळा टायरमध्ये हवा निम्मी असते, चाकाच्या हबमधलं ग्रीस वाळून काळी पेंड झालेलं असतं आणि चेनला कैक महिन्यांत तेल मिळालेलं नसतं. सायकल उलटी करा आणि पुढचं चाक हाताने फिरवा. ते बराच वेळ फिरून शेवटी थोडं मागे-पुढे झुलत थांबलं तर हब ठीक आहे. खरखर करत मध्येच थांबलं तर कप-कोन आणि छर्रे पाहायला हवेत.

‘चेन घसरते’ ही दुसरी. यासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नवी चेन असेल तर बरोबर 12 इंचांवर पुन्हा पिनेचा मध्य येतो. ती पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली. आठवा भाग पुढे गेली असेल तर चेनबरोबर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार, दोन्ही एकदम बदला. नुसती चेन बदललीत तर नवी चेन जुन्या दात्यांवरून जास्तच उड्या मारते आणि मेकॅनिकला उगाच शिव्या बसतात.

‘गुडघे दुखतात’ ही तिसरी, आणि ही ऐकून नवी सायकल घेणारे सर्वांत जास्त. आपल्याकडे सीट इतकी खाली ठेवतात की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. त्यात सुरक्षित वाटतं, पण पायडल मारताना गुडघा कधी सरळ होतच नाही. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. नंतर नेहमीसारखं चवड्याने पायडल मारलंत की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सीट वर घेऊन आठवडाभर चालवून पाहा. अनेकांची नवी सायकल इथेच वाचते.

या तीन तक्रारी ओव्हरहॉलिंगने मिटत असतील तर पुढचं वाचायची घाई नाही. मिटल्या नाहीत तर फ्रेम तपासू, कारण निकाल तिच्यावर आहे.

पोलादाचं कौतुक करताना कोणतं पोलाद हे विचारायला हवं. इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्स कंपनीने 1935 साली ‘531’ नावाच्या मिश्रधातूच्या पातळ नळ्या बाजारात आणल्या आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकली त्यांच्या बनल्या. आपली काळी सायकल त्या घराण्यातली नव्हे. ती साध्या कार्बन पोलादाची, जाड नळ्यांची, वीसेक किलोची. मात्र गुण एकच: पोलादावर ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमचं तसं नाही. त्याला प्रत्येक हिसका थोडाथोडा लागत जातो, म्हणून त्याच्या नळ्या फुगीर आणि ताठ ठेवाव्या लागतात. कार्बन हलका आणि ताकदवान, पण जोरात आपटल्यावर आत गेलेला तडा डोळ्याला दिसेलच असं नाही. पोलाद सहसा आधी सांगतं. करकरतं, रंगावर रेघ उमटवतं, गंजाचा ओघळ दाखवतं.

ती रेघ शोधायची कशी? सायकल धुऊन कोरडी करा. चार ठिकाणं पाहायची: हँडलखालच्या आखूड नळीला खालची तिरपी नळी मिळते तो सांधा, पायडलचा एक्सल बसतो त्या डब्याच्या मागची बाजू, सीटखालचा सांधा आणि मागच्या चाकाच्या खाचा. संशय आला तिथे पातळ तेलाचा हात फिरवा (पूर्वी रॉकेल वापरत, ते आता कुठे मिळतं), दहा मिनिटांनी कापडाने स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड लावा. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ ओढतं. कारखान्यांत वर्षानुवर्षं वापरलेली ही युक्ती आहे. हँडलमागे तिरप्या नळीच्या पोटाला रंग सुरकुतलेला दिसला तर सायकल कधीतरी समोरून जोरात धडकलेली आहे. तिथे बोट फिरवून पाहा. नळी फुगलेली लागली तर त्या फ्रेमवर घाट उतरू नका.

फ्रेम वाकडी आहे का, हे सुतळीने कळतं. मागचं चाक आणि चेनकव्हर काढा. सुतळीचं एक टोक मागच्या डाव्या खाचेला बांधा, सुतळी पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि उजव्या खाचेला आणून ताणून बांधा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर मागचा भाग एका अंगाला गेलेला आहे. हात सोडल्यावर सायकल एकीकडे ओढते ती बहुधा यामुळेच. पोलादाची फ्रेम जाणता कारागीर थंड अवस्थेतच दाबून सरळ करू शकतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू देऊ नये.

तडा सापडलाच तर घाबरून भंगारवाल्याला हाक मारू नका, आणि गेट-ग्रिल करणाऱ्याकडेही नेऊ नका. त्याचं इलेक्ट्रिक वेल्डिंग जाड अँगलसाठी ठीक. सायकलची पातळ नळी त्याने जळते आणि सांध्याशेजारी नवा तडा जातो. या फ्रेमचे सांधे मुळात गॅसने तापवून पितळ ओतून जोडलेले असतात, दुरुस्तीही तशीच हवी. तांबट आळी आणि भांडी बाजार असलेल्या गावात पितळाचं झाळकाम जाणणारा माणूस शोधणं अवघड जाऊ नये. सीटखालचा किंवा मागच्या खाचेचा तडा दुरुस्त करून सायकल सुखाने चालवता येते. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा तडा मात्र दुरुस्त करू नये. चिमटा सरळ नवा घ्यावा, कारण तो तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

बाहेरून सगळं ठीक दिसूनही आतून गंज असू शकतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्यावं. पाणी सीटपिलरच्या फटीतून आत जातं आणि खाली पायडलच्या डब्यात साचतं. सीटपिलर काढून सायकल उलटी धरा. लाल पाणी आणि गंजाचे पापुद्रे पडले तर डबा उघडून साफ करायला हवा. वाळल्यावर नळ्यांच्या आतून जवसाचं तेल फिरवावं, ते सुकून पातळ थर धरतं. सीटपिलर गंजून अडकलाच असेल तर हातोडा घेऊ नका. तिथे तेल सोडून दोन दिवस थांबा.

फ्रेम पास झाली असं धरू. आता मूळ प्रश्न, चढाचा. इथे लोक वजनावर भाळतात. दुकानात सायकल एका हाताने उचलून ‘हलकी आहे’ म्हणतात आणि तिथेच सौदा होतो. थोडा हिशेब करू.

काळ्या सायकलला सहसा पुढे 44 दाते आणि मागे 18 असतात. पायडलच्या एका फेऱ्यात 28 इंची चाक 2.44 वेळा फिरतं, म्हणजे सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे प्रमाण छान आहे. आता शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता घ्या. तुमचं वजन 70 किलो, सायकलचं 20. संथपणे का होईना, चढत राहायचं तर पायडलवर सरासरी 28 किलोच्या आसपास दाब सतत द्यावा लागतो. पायडल वर किंवा खाली उभं असताना दाबाचा उपयोग नसतो, त्यामुळे ते आडवं असताना प्रत्यक्षात याहून बराच जास्त. म्हणून आपण सीटवरून उठतो आणि थोड्या वेळाने खाली उतरतो.

दात्यांचं प्रमाण तेच ठेवून 20 किलोऐवजी 11 किलोची सायकल घेतली तर हा दाब 28 वरून साधारण साडेपंचवीस किलोवर येतो. आता तीच जुनी सायकल ठेवा आणि मागचं फ्रीव्हील 18 ऐवजी 20 दात्यांचं बसवा. दाब पुन्हा साडेपंचवीस! म्हणजे घाटात पायाला नऊ किलोंचा जो फायदा मिळतो, तो दोन दात्यांत मिळाला. 22 दात्यांचं बसवलंत तर दाब 23 किलोपर्यंत उतरतो. चेनला कदाचित एखादी कडी वाढवावी लागेल, बाकी काही नाही. बदल्यात सपाटीला पाय थोडे भरभर फिरवावे लागतात आणि वरचा वेग कमी होतो. साठीच्या माणसाला तो वेग तसाही नको असतो.

मोहदरी घाटासारख्या चढांना फ्रीव्हील बदलून काम भागू शकेल. सप्तशृंग गडाला, किंवा कसाऱ्यापर्यंत उतरून तीनेकशे मीटर पुन्हा चढून इगतपुरीला यायला भागणार नाही. गियरच्या सायकलला पुढे 28 आणि मागे 34 दात्यांची जोडी मिळाली तर एका फेऱ्यात सायकल जेमतेम पावणेदोन मीटर जाते, आणि तोच चढ पायडलवर आठेक किलोच्या दाबाने चढता येतो. 28 कुठे आणि 8 कुठे. वेग माणसाच्या चालण्याहून थोडाच जास्त, पण बसून, श्वास न फुलता. तुमचा नवा रस्ता असा असेल तर बदला. मात्र बदलताना दुकानदाराला वजन विचारण्याआधी सगळ्यात हलक्या गियरचे दाते विचारा. पुढचा सगळ्यात लहान आकडा मागच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा कमी किंवा निदान बरोबरीचा हवा. शर्यतीच्या अनेक सायकलींना तो तसा नसतो, आणि मग महागडी सायकल हातात धरून माणूस गडावर चालत जातो.

वेळेची अटही अशीच हिशेबात धरावी. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-नाश्ता-पंक्चर धरून ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी. काळ्या सायकलवर दिवसभर ही सरासरी राखणं तरुणालाही जड जातं. पंढरपूरच्या वारीत घड्याळाची इतकी कडक अट नसते. रस्ता सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा आहे खरा, पण सिन्नरच्या आधीचा मोहदरी घाट सोडला तर चढापेक्षा लांबीच जास्त. तिथे गियरपेक्षा सीट महत्त्वाची. दोन महिने आधीपासून रोज बसायची सवय केली तर जुनी एसएलआरसुद्धा विठोबापर्यंत पोहोचते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी जिव्हाळ्याला मान देणार नाही. काळ्या सायकलचे रॉडचे ब्रेक क्रोम केलेल्या पोलादी रिमला आतून घासतात. कोरड्यात ते काम करतात. रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं, आणि सायकल थांबते ती रस्ता संपतो तिथे. शहरात, कमी वेगात, पाय टेकवून निभावतं. पण पावसाळ्यात उताराचा रस्ता तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तर फ्रेम कितीही सुंदर असो, ती सायकल त्या वाटेवर नेऊ नका. एसएलआर किंवा रेंजरवाल्यांना वाव आहे. रिमला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर रिम पोलादी. ॲल्युमिनियमची रिम आणि नवी रबरं बसवली की ओल्यातला ब्रेक ओळखू येणार नाही इतका सुधारतो. काळ्या सायकलला ही सोय सहजी नाही, कारण रॉडच्या ब्रेकला रिमही विशिष्ट घाटाची लागते.

सुटे भाग मिळतील का, ही भीती लोकांना उगाच वाटते. ॲटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला तो 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी. त्यानंतर कित्येकांनी घरातली ॲटलस आता निकामी होणार असं धरलं. पण या सायकलींचं वैशिष्ट्यच हे, की कॉटर पिन, कप, कोन, चेन, टायर सगळं एका ठरलेल्या मापाचं. ॲटलसचं चाक हर्क्युलसला चालतं, हर्क्युलसची कॉटर पिन हीरोला. गैरसोय होते ती इंचांच्या आकड्यांनी. ‘26 इंची टायर द्या’ म्हटलंत तर दोन वेगळ्या मापांचे टायर समोर येतात. म्हणून टायरच्या कडेवर छापलेला तीन आकडी शेवटचा अंक वाचून जा: काळ्या सायकलला 635, एसएलआरसारख्या बारीक 26 इंचीला 590, रेंजरसारख्या जाड टायरवालीला 559, आणि आजकालच्या बहुतेक हायब्रिडला 622. हा अंक जुळला की टायर बसतो.

जुन्या फ्रेमवर नवं सगळं चढवायची हौसही काहींना असते. अकरा-बारा गियरचा संच, डिस्क ब्रेक, नवी चाकं. ही हौस मी मोडून काढायला सांगेन. मागच्या खाचांमधलं अंतर आजच्या चाकांना पुरत नाही, डिस्क बसवायला फ्रेमवर जागा नसते, आणि सुटे भाग एकेक घेताना मिळून जी रक्कम होते तीत पूर्ण नवी सायकल येते. माझी सीमारेषा अशी: टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, छर्रे, केबल, ब्रेकची रबरं आणि गरज असल्यास रिम एवढ्यावर बिनदिक्कत खर्च करा. मेकॅनिकने त्यापुढची यादी सुरू केली की थांबा आणि नव्या सायकलचा भाव विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे करानेही कुठल्या एका बाजूला कौल दिलेला नाही.

नवी घ्यायची ठरली तर दुकानात जाण्याआधी एक टेप घ्या आणि जुन्या सायकलची मापं कागदावर लिहा. सीटच्या माथ्यापासून खाली गेलेल्या पायडलपर्यंत, सीटच्या टोकापासून हँडलच्या मुठीपर्यंत, आणि मूठ सीटपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते. जुनी सायकल आवडते याचं अर्धं उत्तर या मापांत असतं. तिच्यावर पाठ ताठ राहते, मनगटांवर भार येत नाही, रस्ता मान वर न करता दिसतो. नवी सायकल चालवून पाहिल्यावर ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटतं ते बहुधा याच फरकामुळे. सीट वर-खाली होते, हँडल थोडं वर घेता येतं. पण सीट आणि हँडलमधलं अंतर फार जास्त असेल तर ती फ्रेम तुमच्या मापाची नाही. विक्रेता सवय होईल म्हणेल. पाठीला होत नाही.

पुढचं झटपट सांगतो. स्वस्त सायकलच्या पुढच्या शॉकअपच्या मोहात पडू नका. तो वजन वाढवतो आणि दोन पावसाळ्यांत गंजून बसतो. त्यापेक्षा 35 ते 40 मिलिमीटरचा टायर खड्डे जास्त चांगले पचवतो. फ्रेमवर कॅरिअर आणि मडगार्डसाठी आटे पाडलेली भोकं आहेत का पाहा. ती नसतील तर भाजी पाठीवर आणि चिखलही पाठीवर. पोलादाचाच जिव्हाळा असेल तर लांब पल्ल्यासाठी क्रोमोली पोलादाच्या नव्या सायकली आजही बनतात. त्या महाग असतात, पण तीस वर्षांचा विचार असेल तर पाहण्यासारख्या.

नवी म्हणजे कोरीच हवी असंही नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर हौसेने घेतलेल्या गियरच्या किती सायकली आपल्या अपार्टमेंटांच्या पार्किंगमध्ये हवा गेलेल्या टायरवर उभ्या आहेत! सोसायटीच्या ग्रुपवर विचारून बघा. मालक विकायला नाही म्हणाला तरी महिनाभर चालवायला बहुधा देईल, आणि तेच जास्त कामाचं. तुमच्या रोजच्या रस्त्यावर, तुमच्या नेहमीच्या पिशवीसकट, एकदा पावसात आणि एकदा त्या चढावर ती चालवून पाहा. तो महिना जुनी हलवू नका. कारण महिन्याच्या शेवटी आपण कोणती सायकल आधी बाहेर काढतो ते तुमच्याही आधी घरच्यांना कळलेलं असतं.

दोन्ही ठेवायला जागा असेल तर जुनीला काम नेमून द्या: दूध, भाजी, बँक, नातवाला बागेत नेणं. काम नसलेली सायकल वर्षभरात गंजते. जागा नसेल तर एक्स्चेंजमध्ये देऊ नका, तिथे तिला किंमत मिळत नाही, आणि भंगारात ती किलोवर जाते. शाळेतल्या मुलीला द्यावी हा विचार चांगला, पण 24 इंची दांडीची फ्रेम आठवीतल्या मुलीला झेपणारी नाही; मानव विकास कार्यक्रमातून सरकार मुलींना सायकली देतं त्या बिनदांडीच्या असतात, ते उगाच नव्हे. जुन्या काळ्या सायकलचा योग्य धनी म्हणजे सपाट रस्त्याने रोज ठरलेलं अंतर जाणारा मोठा माणूस. सोसायटीचा वॉचमन, पेपर टाकणारा, बाजार समितीत पहाटे जाणारा हमाल. त्याला देताना तिचं ओव्हरहॉलिंग आपल्या खर्चाने करून द्या, ब्रेकची रबरं नवी घाला, सीट त्याच्या उंचीला लावा, आणि सोबत कॉटर पिनांची एक जोडी आणि 15 नंबरचा पाना द्या.